बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब पोलिसांपर्यंत कसा पोहोचतो?

१० सप्टेंबर २००३. स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री ॲना लिंड दुपारी स्टॉकहोममधल्या एनके या मोठ्या दुकानात खरेदीला गेल्या होत्या. सोबत अंगरक्षक नव्हता. एका तरुणाने त्यांच्यावर चाकूने वार केले आणि तो गर्दीतून निसटला. दुसऱ्या दिवशी पहाटे लिंड यांचा मृत्यू झाला.

स्वीडनच्या पोलिसांवर दडपण केवढं असेल, याची कल्पना करा. १७ वर्षांपूर्वी याच शहरात पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना भर रस्त्यात गोळी घातली गेली होती आणि तो खटला सुटलेलाच नव्हता. आता दुसरी राजकीय हत्या. हल्लेखोराच्या डीएनएचे अंश असलेला चाकू हाती लागला होता. आधी एका माणसाला पकडलं, मग सोडून दिलं. त्यानंतर संशय गेला मियाइलो मियाइलोविच या २४ वर्षांच्या तरुणावर. त्याचा जन्म १९७८ चा, स्वीडनमधलाच.

हा जन्माचा तपशील महत्त्वाचा ठरला. कारण १९७५ पासून स्वीडनमध्ये जन्मलेल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या रक्ताचे थेंब स्टॉकहोमजवळच्या हुडिंगेमधल्या एका रुग्णालयात कागदावर वाळवून जपून ठेवलेले होते. पोलिसांनी मियाइलोविचचा तान्हेपणीचा नमुना मागवला. रुग्णालयाने तो दिला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली.

ते थेंब घेतले होते एका आजाराच्या तपासणीसाठी. वापरले गेले एका खुनाच्या तपासासाठी. सरकार जेव्हा लोकांचा डीएनए गोळा करतं, तेव्हा जगभर वाद होतो तो याच एका उडीवरून. सध्या आपल्याकडेही जीनोम प्रकल्प, सिकलसेल तपासणी, पोलिसांना नमुने घेण्याचा अधिकार अशा बातम्या येत असतात. त्या नीट वाचायच्या तर ही उडी समजून घ्यायला हवी.

टाचेतून रक्त का घेतात?

बाळ जन्मल्यावर एकदोन दिवसांनी त्याच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचे काही थेंब एका जाड कागदावर घेतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले रॉबर्ट गथ्री यांनी ही पद्धत रुळवली. तेव्हा शोध घ्यायचा होता फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू या आनुवंशिक आजाराचा. यात बाळाच्या शरीराला प्रथिनांमधला एक घटक पचवता येत नाही आणि तो साचून मेंदूला कायमची इजा करतो. पण पहिल्या काही दिवसांत आजार कळला आणि आहार बदलला, तर तेच मूल इतर मुलांसारखं वाढतं. तपासणी स्वस्त आणि फायदा आयुष्यभराचा. सार्वजनिक आरोग्यात असा सौदा क्वचितच मिळतो.

आता अशाच थेंबांवरून थायरॉईडच्या कमतरतेसह अनेक आजार शोधतात. गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू झाली होती.

प्रश्न तपासणीनंतर येतो. कागदावर थोडं रक्त उरतं. ते फेकायचं की ठेवायचं? ठेवलं तर उपयोग आहे: चाचणीची अचूकता तपासता येते, नवे आजार शोधायला संशोधन करता येतं. स्वीडनने ठेवलं. आणि ठेवलेल्या प्रत्येक थेंबात त्या माणसाचा संपूर्ण डीएनए असतो, १९७५ साली कुणी तो वाचू शकत नसलं तरीही.

खुनी सापडला, मग अडचण काय?

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. एका मंत्र्याला मारणारा माणूस सापडला, तर कागदावरच्या दोन थेंबांचं काय एवढं?

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे, स्वीडनमध्ये त्याच वर्षी, १ जानेवारी २००३ पासून, बायोबँकांचा नवा कायदा लागू झाला होता. हे नमुने उपचार, संशोधन अशा कामांसाठी आहेत, हे त्यात लिहिलेलं होतं. पण फौजदारी प्रक्रियेत पोलिसांना पुरावा जप्त करण्याचा जुना अधिकार होताच. दोन कायदे समोरासमोर आले आणि जड पारडं पोलिसांचं ठरलं. आईवडिलांना दिलेला शब्द दुसऱ्या कायद्याच्या एका कलमाने बाजूला सरकला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उद्या आईवडिलांना वाटलं की ही तपासणी म्हणजे बाळाची पोलिसांकडे नोंद, तर काही जण नको म्हणतील. त्याची किंमत पोलीस मोजणार नाहीत, गुन्हेगारही मोजणार नाही. मोजेल ते ज्याचा पीकेयू वेळेत कळला नाही ते बाळ.

आणि संशयित माणूस हाती आल्यावर त्याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेता येतोच. रुग्णालयाचं कपाट उघडायची खरंच गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझ्या मते तो अजूनही बिनउत्तराचा आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. सव्वा वर्षाने, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. थायलंडच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलेले ५०० हून अधिक स्वीडिश नागरिक मेले. मृतदेह ओळखू येत नव्हते. तेव्हा स्वीडनच्या संसदेने तातडीने तात्पुरता कायदा करून त्याच कपाटातले नमुने ओळख पटवायला वापरू दिले. आपल्या माणसाचा देह मिळावा म्हणून वाट पाहणाऱ्या घरांना त्याचं मोल काय होतं, ते वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की यावेळी आधी चर्चा झाली, कायदा झाला, त्याला मुदत होती, मग कपाट उघडलं.

पोलिसांचा डीएनए आणि डॉक्टरांचा डीएनए एकच का?

नाही. आणि इथेच समाजमाध्यमांवरच्या अर्ध्याअधिक पोस्ट घसरतात.

माणसाच्या डीएनएत साधारण ३ अब्ज अक्षरं असतात. पोलीस ती सगळी वाचत नाहीत. ते काही ठरावीक जागा बघतात, जिथे तीच तीच छोटी अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते. एका माणसात ती आठ वेळा येईल, दुसऱ्यात अकरा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. अमेरिकेत २०१७ पासून अशा २० जागा बघतात, त्याआधी १३ बघत. शेवटी हाती येते ती आकड्यांची एक यादी. तिला डीएनए प्रोफाइल म्हणतात. त्या यादीवरून तुम्हाला मधुमेह होईल का, हे सांगता येत नाही. ती बोटाच्या ठशासारखी ओळख पटवण्यापुरती असते.

डॉक्टरांना आणि संशोधकांना हवा असतो तो दुसरा भाग: कोणत्या जनुकात कोणता बदल आहे, कोणता आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो, कोणतं औषध मानवेल. त्यासाठी कधी एक जनुक, कधी सगळा जीनोम वाचतात.

म्हणजे पोलिसांकडची यादी तुलनेने निरुपद्रवी? जवळजवळ. पण दोन मेख आहेत. यादी बनवल्यावर मूळ रक्ताचा किंवा लाळेचा नमुना नष्ट केला नाही, तर सगळी पोथी त्यांच्याच कपाटात राहते. आणि बोटाच्या ठशावरून भावाचा पत्ता लागत नाही, डीएनएवरून लागतो. तुमचा निम्मा डीएनए आईचा, निम्मा वडिलांचा. तुम्ही दिलेला नमुना कधीच एकट्या तुमचा नसतो.

सुरुवात निर्दोष सुटकेने झाली होती

डीएनएवरून माणूस ओळखता येतो, हे इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांच्या १९८४ साली लक्षात आलं. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून झाला होता. एका १७ वर्षांच्या मुलाने त्यातल्या दुसऱ्या खुनाची कबुली दिली. जेफ्रीज यांनी चाचणी केली तर उलटंच निघालं: दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे होते आणि तो माणूस म्हणजे हा मुलगा नव्हता. डीएनए तंत्राने फौजदारी प्रकरणात केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे कबुलीजबाब दिलेल्या निर्दोष मुलाची सुटका. हे विसरू नये, कारण या तंत्राला सरसकट नाकं मुरडणंही चूक आहे.

मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या सुमारे ५ हजार पुरुषांना स्वेच्छेने नमुना द्यायला सांगितलं. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने आपल्या जागी दुसऱ्यालाच पाठवलं. त्या दुसऱ्याने पबमध्ये बढाई मारली, कुणीतरी ऐकली आणि पिचफोर्क सापडला. एवढं नवं तंत्रज्ञान, पण शेवटचा धागा दारूच्या गप्पांनी दिला!

१९९५ साली ब्रिटनने राष्ट्रीय डीएनए डेटाबेस सुरू केला. आधी नियम मर्यादित होते, मग ते सैल होत गेले. एक वेळ अशी आली की इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदपात्र गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी नमुना घेतला जाई आणि सुटका झाली तरी तो कायम ठेवला जाई. २००१ साली जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपात पकडलेला ११ वर्षांचा एक मुलगा निर्दोष सुटला. त्याने आपला नमुना पुसायला सांगितला. पोलिसांनी नकार दिला. मार्पर नावाच्या आणखी एका गृहस्थांचंही तसंच झालं, त्यांच्यावरचा खटला तर मागेच घेतला गेला होता.

प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. ४ डिसेंबर २००८ ला न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की दोषी न ठरलेल्यांचा डीएनए असा सरसकट आणि बेमुदत ठेवणं हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. ब्रिटनला २०१२ मध्ये नवा कायदा करावा लागला. त्यानंतर १७ लाखांहून जास्त प्रोफाइल पुसली गेली आणि ७७ लाखांहून जास्त मूळ नमुने नष्ट केले गेले. आकडे पुन्हा वाचा. इतक्या लोकांचं रक्त आणि लाळ, कारण संपल्यावरही, कपाटात पडून होती.

मुलाच्या थेंबावरून वडील

स्वीडनची घटना जुनी झाली म्हणावं, तर अमेरिकेतली अगदी अलीकडची आहे. न्यू जर्सी राज्यात प्रत्येक नवजात बाळाची टाचेची तपासणी होते आणि उरलेली कार्डं राज्य सरकार २३ वर्षं ठेवत होतं. किती आईवडिलांना हे माहीत होतं? फारच थोड्यांना.

२०२१ मध्ये पोलीस १९९६ सालच्या एका लैंगिक अत्याचाराचा तपास करत होते. संशय एका माणसावर होता, पण त्याचा डीएनए घ्यायला न्यायालयाचं वॉरंट मिळवण्याइतका पुरावा नव्हता. मग त्यांनी वाट काढली. त्या माणसाच्या मुलाचं काही वर्षांपूर्वीचं नवजात तपासणीचं कार्ड आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेकडून मिळवलं, तेही वॉरंटशिवाय, साध्या हुकुमावर. मुलाच्या डीएनएवरून बापाकडे बोट गेलं, त्या जोरावर वॉरंट मिळालं, मग आरोप दाखल झाले.

हे उघड झालं ते २०२२ मध्ये, राज्याच्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयाने आणि एका वृत्तसंस्थेने कागदपत्रं मिळवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढली तेव्हा. पुढे आईवडिलांनीही दावा लावला. २०२४ मध्ये राज्याने बहुतेक कार्डं दोनच वर्षं ठेवण्याचं जाहीर केलं.

टेक्सासमध्ये वेगळाच प्रकार झाला. तिथे परवानगीशिवाय कार्डं साठवल्याबद्दल पालकांनी २००९ मध्ये दावा केला आणि राज्याने ५० लाखांहून जास्त कार्डं नष्ट करायचं मान्य केलं. प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच पत्रकारांनी शोधून काढलं की त्यातली शेकडो कार्डं आधीच लष्कराच्या एका प्रयोगशाळेला दिली गेली होती, न्यायवैद्यक डेटाबेस उभारण्यासाठी. नष्ट झालेल्या कार्डांचं दुःख संशोधकांना झालं, आणि ते खरंही होतं. आधी नीट विचारलं असतं तर कदाचित बहुतेक पालक हो म्हणाले असते.

सगळ्यांचाच डीएनए घेतला तर?

कुणाला वाटेल, ही लपवाछपवी नको, सगळ्यांचा डीएनए उघडपणे घ्या. हे एका देशाने करून पाहिलं.

२६ जून २०१५ ला कुवेत शहरातल्या इमाम सादिक मशिदीत आत्मघाती स्फोट झाला, २७ जण मेले. काही दिवसांतच कुवेतने कायदा केला: नागरिक, तिथे राहणारे परदेशी, इतकंच काय पाहुणे म्हणून आलेले, सगळ्यांनी डीएनए द्यायचा. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि १० हजार दिनारपर्यंत दंड. कुवेतमध्ये लाखो भारतीय काम करतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च तिथल्या पगारावर चालतो. हा कायदा त्यांनाही लागू होणार होता.

विरोध वाढत गेला आणि त्याचं कारण फक्त तत्त्वाचं नव्हतं. कुवेतमध्ये नागरिकत्व वडिलांकडून मिळतं. नागरिकत्व नसलेले, ‘बिदून’ म्हणून ओळखले जाणारे लाखभर लोक तिथे राहतात. सगळ्यांचा डीएनए सरकारकडे आला की कोण कुणाचा मुलगा हे सरकारला कळणार, आणि मग कुणाचं नागरिकत्व, कुणाचा वारसाहक्क टिकेल, ही धास्ती घराघरांत शिरली. या माहितीचा असा वापर करणार नाही, असं सरकार सांगत होतं. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये कुवेतच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

चीनच्या शिनजियांग प्रांतात असं थांबवणारं न्यायालय नव्हतं. तिथे १२ ते ६५ वयाच्या रहिवाशांचा डीएनए गोळा केला जात असल्याचं ह्यूमन राइट्स वॉचने डिसेंबर २०१७ मध्ये समोर आणलं. त्यासाठी वापरलेला एक मार्ग होता ‘सर्वांसाठी आरोग्य तपासणी’ हा मोफत सरकारी कार्यक्रम. उइगुर मुस्लिमांवर तिथे आधीच कडक पाळत होती. डीएनए वाचणारी यंत्रं विकणाऱ्या थर्मो फिशर या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये शिनजियांगमधली विक्री थांबवत असल्याचं सांगितलं. रुग्णालय आणि पोलीस ठाणं यांच्यातली भिंत पडली तर शेवट कुठे होऊ शकतो, त्याचं हे उदाहरण.

खरं तर सगळ्यांचा डीएनए घ्यायची गरजही उरलेली नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ जोसेफ डीअँजेलो पकडला गेला, तो त्याच्या दूरच्या नातलगांमुळे. त्यांनी वंशावळ शोधायला आपला डीएनए एका खासगी वेबसाइटवर टाकला होता. त्याच वर्षी संशोधकांनी हिशोब मांडला: एखाद्या समाजातल्या जेमतेम २ टक्के लोकांचा डीएनए डेटाबेसमध्ये असला, तरी त्या समाजातल्या जवळपास कुणाचाही किमान एक दूरचा चुलत-मावस नातलग त्यात सापडू शकतो.

आइसलँड चुकला, एस्टोनिया शिकला

आरोग्यासाठी सगळ्या देशाचा डीएनए वापरायची पहिली मोठी कल्पना आइसलँडची. जेमतेम पावणेतीन लाख लोक, शतकानुशतकांच्या वंशावळी लिहिलेल्या. १९९८ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्यांच्या आरोग्यनोंदी एकत्र करायला परवानगी दिली आणि परवाना डीकोड या खासगी कंपनीला मिळाला. नियम असा की नाही म्हटलं नाही, म्हणजे हो. सुमारे २० हजार लोकांनी नाही म्हटलं.

एका तरुणीने आपल्या वारलेल्या वडिलांच्या नोंदी देऊ नयेत अशी मागणी केली. वडिलांबद्दल मागणी करायचा तिला काय अधिकार? नोव्हेंबर २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: वडिलांच्या नोंदींवरून तिच्याबद्दलही आनुवंशिक माहिती कळते, म्हणून तिला अधिकार आहे. तो सरकारी डेटाबेस कधी उभाच राहिला नाही. गंमत म्हणजे पुढे त्याच डीकोडने लोकांची रीतसर संमती घेऊन नमुने मागितले, तर देशातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांनी ते दिले.

एस्टोनियाने आधी कायदा केला, मग नमुने घेतले. २००१ पासून लागू असलेल्या त्यांच्या कायद्यात सरळ लिहिलंय की जीन बँकेतली माहिती दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात पुरावा गोळा करायला वापरायची नाही. खून असो की दहशतवाद, पोलिसांना तिथलं दार बंद. आज त्या बायोबँकेत २ लाखांहून जास्त लोक आहेत, म्हणजे साधारण दर पाच प्रौढांमागे एक. त्यांना कोणत्या आजाराचा धोका आहे, कोणतं औषध मानवणार नाही, याची माहिती परतही मिळू लागली आहे. पोलिसांना दार बंद आहे हे माहीत असताना लोक रांगेत उभे राहिले.

भारतात काय परिस्थिती आहे?

डीएनए चाचणी आपल्या न्यायालयांना नवी नाही. १९९५ च्या दिल्लीतल्या तंदूर हत्याकांडात मृत महिलेची ओळख डीएनएवरूनच पटली होती. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर नातेवाइकांचे नमुने जुळवून मृतदेह घरच्यांच्या स्वाधीन केले गेले. नियमांची गोष्ट मात्र अर्धवट आहे.

डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. राष्ट्रीय आणि प्रादेशिक डीएनए बँका, संशयित, गुन्हेगार, बेपत्ता व्यक्ती यांच्या वेगवेगळ्या याद्या, देखरेखीला मंडळ, असा आराखडा होता. स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात मान्य केलं की धर्म, जात किंवा राजकीय मतांवरून लोकांची वर्गवारी करायला याचा वापर होईल ही भीती अगदीच निराधार नाही. जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं.

पण दरम्यान दुसरा कायदा आला होता. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२. याने १९२० चा इंग्रजांच्या काळातला कैद्यांच्या ओळखीचा कायदा बदलला. जुन्या कायद्यात बोटांचे आणि पायांचे ठसे, मोजमापं, फोटो एवढंच होतं. नव्यात बुबुळांचं स्कॅनिंग आणि ‘जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण’ही आहे. डीएनए हा शब्द कायद्यात नाही, पण जैविक नमुन्याच्या विश्लेषणात तो बसतो. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहू शकतात. अटक झालेल्याला एक सवलत आहे: गुन्हा महिला किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर जैविक नमुना द्यायला तो नकार देऊ शकतो. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची तरतूद आहे, मात्र न्यायालय किंवा दंडाधिकारी लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगू शकतात. ब्रिटनमधल्या त्या ११ वर्षांच्या मुलाची आठवण इथे येते. तरतूद असणं आणि ७५ वर्षांच्या कपाटातून आपली फाइल खरंच निघाली का हे तपासता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आरोग्याच्या बाजूला मोठं काम आहे जीनोम इंडिया. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात देशभरातल्या वेगवेगळ्या समूहांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रामार्फत संशोधकांना खुली झाली. हे व्हायलाच हवं होतं. जगातली बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे आणि तिच्यावर बेतलेल्या चाचण्या आपल्याला नीट लागू पडत नाहीत. शिवाय आपल्याकडे जातीतच लग्नं होत आल्याने काही आनुवंशिक आजार विशिष्ट समूहांत जास्त दिसतात. पण त्याच कारणाने, समूह लहान असेल तर त्यातल्या मोजक्या लोकांच्या डीएनएवरून बाकीच्यांपर्यंत पोहोचणंही सोपं होतं. नाव काढून टाकलं की काम झालं, असं इथे होत नाही.

गडचिरोली, नंदुरबार भागातल्या लोकांना सिकलसेलची तपासणी ओळखीची आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत महाराष्ट्रासह १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. यात प्रामुख्याने हिमोग्लोबिन तपासतात, डीएनए वाचत नाहीत. पण निकाल मात्र जनुकाबद्दलच सांगतो: तुम्ही वाहक आहात की रुग्ण. वेळेत कळलं तर उपचार मिळतात, जीव वाचतात. आणि तोच निकाल लग्न जमवताना मुलीच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. मूल रुग्ण निघालं की आईवडील दोघंही बहुधा वाहक आहेत हेही कळतं. त्यासाठी पोलीस लागत नाहीत, कार्ड शेजाऱ्याने पाहिलं तरी पुरे.

मग या माहितीचं रक्षण कोण करतं? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. २०१९ च्या जुन्या मसुद्यात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळं स्थान होतं. मंजूर झालेल्या कायद्यात तो वर्गच नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी माहिती वापरायला मोठी सूट आहे, आणि सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळू शकतं. आरोग्यासाठी दिलेला नमुना पोलिसांना मिळणार नाही असं स्पष्ट सांगणारं एस्टोनियासारखं कलम त्यात नाही.

नमुना देताना काय विचारता येईल?

बाळाची तपासणी नाकारू नका. सिकलसेलचीही नाही. त्या आजारांपुढे बाकीच्या शंका लहान आहेत. पण संमतीपत्रावर सही करायच्या आधी चार प्रश्न विचारायला हरकत नाही. चाचणी झाल्यावर उरलेलं रक्त किती दिवस ठेवणार? संशोधनासाठी देणार का, आणि त्यासाठी वेगळी सही आहे का? नंतर मन बदललं तर नमुना परत मागता किंवा नष्ट करून घेता येतो का? पोलिसांनी मागितलं तर तुमची पद्धत काय, न्यायालयाचा आदेश लागतो का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेली असतात. चौथ्याचं उत्तर लेखी मागा.